सिद्धम्माच्या मापाची होडी

माझे दाजी राजशेखरआप्पा ताडकळसच्या बाजारपेठेत ताडपत्र्या शिवतात. ट्रॉलीचं छत, टेम्पोचा हूड, खळ्यावरच्या सोयाबीनचं पांघरूण, मांडवाची कनात, जे म्हणून उन्हापावसापासून झाकायचं ते दाजींच्या मशीनखालून जातं. त्यांच्या गळ्यात दोन गोष्टी कायम असतात. एक इष्टलिंगाची चांदीची डबी आणि दुसरा पिवळा टेप. पहिली आमच्या धर्माची, दुसरा त्यांच्या. माप घेतल्याशिवाय हा माणूस चहाचा कपसुद्धा हातात धरत नसावा, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणतो.

मी म्हणू शकतो, कारण माझी थोरली बहीण त्रिवेणी त्यांना दिलेली आहे. शिवाय माझं ग्रील-वेल्डिंगचं दुकान त्यांच्या दुकानाला भिंत लावून आहे. आम्ही मूळचे वालूरचे. बहिणीचं लग्न झाल्यावर "विरेश, इथं ग्रीलवाला कुणीच न्हाई, ये इकडंच" असं म्हणून दाजींनीच मला बोलावून घेतलं, आणि तेव्हापासून आजवर पस्तावत आहेत. मी तापट माणूस. ते थंड. मी भांडायला गेलो की ते दाभण दातात धरून नुसतं हूं हूं करतात. एका बाजूने भांडण करायचं म्हणजे एका हाताने टाळी.

तर अशा या माणसाने घडीची होडी केली. आम्ही लिंगायत. आमच्या सात पिढ्यांचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता आणि माशाशी संबंध बाजारात मान वळवून पुढे जाण्यापुरता. होडीचं आमच्या घरात नावसुद्धा कुणी घेतलेलं नव्हतं. पण गेल्या वर्षीच्या भादव्यात दाजी आपल्या आईला एक शब्द देऊन बसले.

दाजींची आई सिद्धम्मा. वय अठ्ठ्याहत्तर. अंगाने बोराटीच्या काटकीएवढी, पण आवाज असा की बाजाराच्या दिवशी घरात बसून दुकानातल्या दाजींना हाक मारावी. तिचा ताप छातीत उतरला आणि परभणीच्या दवाखान्यात तिला सहा दिवस ठेवावं लागलं. चौथ्या दिवशी तिने तोंडावरचा मास्क बाजूला सारला आणि लेकाला जवळ बोलावलं.

"राजा, मला पल्याड नेशील का?"

दाजी म्हणाले, "नेतो."

एवढंच बोलणं झालं. त्रिवेणी तिथेच उभी होती. बाहेर येऊन तिने पदर तोंडाला लावला आणि मला फोन केला.

पल्याड म्हणजे ओढ्यापलीकडचं आमच्या दाजींचं शेत. तिथे लिंबाखाली दाजींचे वडील अण्णाराव यांची समाधी आहे. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खुर्चीत ताठ बसवून, विभूती लावून, सगळ्यांना तोंड दिसेल असं नेतात, आणि मातीतही बसवूनच ठेवतात. अण्णारावांच्या शेजारची जागा सिद्धम्मासाठी राखलेली आहे, हे घरातल्या लहान लेकरालाही माहीत. अडचण पाण्याची. खाली बंधारा झाल्यापासून श्रावण ते संक्रांत तो ओढा फुगून तळ्यासारखा पसरलेला असतो. पुलावरून वळसा घालून गेलं तर पुढे तीन किलोमीटर काळ्या मातीची वाट, जिच्यात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की दिवाळीलाच निघतो. खांद्यावर खुर्ची घेऊन त्या चिखलातून कोण चालणार? आई पावसाळ्यात गेली तर तिला वडिलांशेजारी न्यायचं कसं, हे दाजींना त्या दिवशी माहीत नव्हतं. कधी, कसं, काही न विचारता ते "नेतो" म्हणून मोकळे झाले. आणि मरणाऱ्या आईला "कवा?" असं कोणता लेक विचारेल?

सिद्धम्मा बरी झाली. दिवाळीत बसून करंज्या लाटल्या, सुनेच्या करंज्यांना नावं ठेवली, सगळं पहिल्यासारखं. पण दाजींच्या गळ्यात ते "नेतो" अडकलं ते अडकलंच. पुढचा पावसाळा येणारच होता.

संक्रांतीनंतर एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सिद्धम्मा मांडी घालून लिंगपूजा करत बसलेली, आणि मागे दाजी टेप घेऊन तिचं माप घेतायत. दोन गुडघ्यांमधलं अंतर. जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची. खांद्यांची रुंदी. कानाला लावलेल्या पेन्सिलीने ते हातावर आकडे लिहीत होते आणि चेहरा असा, की मीच दारात थबकलो.

सिद्धम्माने पूजा आटोपून मान वळवली. "काय रे, झंपर शिवायलास का मला?"

"न्हाई आई. होडी."

"होडी?" म्हातारीचा चेहरा फुलला. "माझ्यासाठी? शिव की मंग. ऐसपैस शिव."

ती हसली आणि दाजी परसात निघून गेले. मी मागे गेलो तर ते पाण्याच्या टाकीला टेकून डोळे पुसत होते. मला तेव्हा त्यांचा रागही आला आणि कीवही आली. जिवंत माणसाची ही असली मापं घ्यायची म्हणजे काय? पण तापट माणसालाही काही जागा कळतात.

होडी घडीचीच कशाला, असं मी विचारलं. दाजींचं उत्तर तयार होतं. ओढ्यावर मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर फिरतात, आमच्याकडे त्याला चप्पू म्हणतात. आईला थर्माकोलवर टाकून न्यायचं त्यांच्या मनाला पटेना. लाकडाची होडी करून काठाला ठेवली तर आठ दिवसांत तिच्या फळ्या कुणाच्या तरी गोठ्याला लागणार. म्हणून घडी होणारी, मोटारसायकलच्या मागे बांधता येणारी, घरात माळ्यावर ठेवता येणारी होडी हवी. आणि वेळ आली की अर्ध्या तासात काठावर उभी राहणारी.

पहिली होडी बिघडली ती माझ्यामुळे. फळ्या दुमडायच्या म्हणजे बिजागऱ्या हव्यात, आणि बिजागरी म्हटलं की माझं डोकं गेटाच्या बिजागरीवर जातं. मी चांगल्या जाड लोखंडाच्या चोवीस बिजागऱ्या ठोकून दिल्या. मग दोघांनी मिळून ती होडी उचलायला घेतली. हलली नाही. तिसरा माणूस बोलावून मोटारसायकलवर चढवली, तर मोटारसायकलचं पुढचं चाक वर आलं.

"लय मजबूत केलीस रे," दाजी म्हणाले.

"तुमाला बुडायची होडी पायजे का?" मी तडकलो.

"बुडंल ही. गेट कुठं तरंगतंय?"

तीन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून त्यांच्या मशीनचा आवाज वेगळा यायला लागला, म्हणून राहवेना आणि गेलो. त्यांनी लोखंड काढूनच टाकलं होतं. जाड कापडाला ओळीने खिसे शिवून एकेका खिशात प्लायची एकेक फळी सरकवली होती, आणि दोन खिशांच्या मधे दोन बोटं कापड मोकळं सोडलं होतं. तिथे ते आपसूक दुमडायचं. बिजागरी नाही, गंज नाही, वजन निम्म्यावर. खरं सांगायचं तर मला मत्सर वाटला. तोंडाने मात्र मी "बघू पाण्यात" एवढंच म्हणालो.

चैत्रात एका ओळखीच्या माणसाच्या शेततळ्यात ती सोडली. बाहेरून ताडपत्री होती, पण पुढच्या-मागच्या टोकाला आकार द्यायला दाजींनी ती कापून शिवली होती. त्या शिवणीतून पाणी आलं. मेण चोळलं, डांबर लावलं, सायकलचं सोल्यूशन लावलं. पाणी येतच राहिलं. जिथे सुई गेली तिथून पाणी येणार, हे ताडपत्रीवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. पण न कापता टोक कसं करायचं, ते काही सुचेना. महिनाभर दाजी वेड्यासारखे कागद दुमडत बसले. गिऱ्हाइकाच्या पावतीच्या होड्या, वर्तमानपत्राच्या होड्या, दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

सुटका झाली ती त्रिवेणीमुळे आणि पळसाच्या पानामुळे. मठात महाप्रसाद होता, आणि सिद्धम्मा अंगणात द्रोण लावत बसली होती. दाजी शेजारी डोकं धरून बसलेले. माझी बहीण घरातून बाहेर आली आणि वैतागून म्हणाली, "अहो, आमटी कधी गळती का द्रोणातून? मंग तुमची होडीच कामून गळायलीय?"

दाजींनी आईच्या हातातला द्रोण हिसकून घेतला. उलटा केला, सुलटा केला. पान कुठेही फाडलेलं नव्हतं. कडेला मुडपून वर काडी टोचलेली, ती काडीही आमटीच्या वरच्या अंगाला. त्यांनी द्रोण उलगडला, परत घातला, परत उलगडला. दहा-बारा द्रोण असे वाया गेल्यावर सिद्धम्माने त्यांच्या हातावर चापट मारली.

"कापायचं न्हाई, मुडपायचं," दाजी स्वतःशीच म्हणाले. "आन् टोचायचं ते वरून."

आतल्या फळ्यांच्या कापडाला बाहेरून एकच अखंड ताडपत्री आली. दोन्ही टोकांना ती द्रोणासारखी मुडपली आणि वरच्या काठाला, पाणी पोचणार नाही तिथे, चापाने आवळली. ते चाप मी केले, हे नमूद करून ठेवतो. नऊ फुटांची होडी दुमडली की गादीच्या वळकटीएवढी व्हायची. दोन्ही अंगांना मोटारसायकलच्या फुगवलेल्या ट्यूबा. शेततळ्यात दोन तास ठेवली. आत हात फिरवला तर कोरडी ठणठणीत. दाजी हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

आता राहिली बसायची जागा. आषाढात ओढ्याचं पाणी चढायला लागलं आणि आम्ही खरी परीक्षा घ्यायला काठावर गेलो. दाजींनी होडीच्या मधोमध खुर्ची बसवली होती, चांगली दीड फूट उंच, पाठीला आधार, छातीशी आणि कमरेशी पट्टे. आमच्यात नेतात तशीच. तिच्यावर त्यांनी वाळूचं पोतं ठेवलं. सेहेचाळीस किलो, म्हणजे सिद्धम्माचं वजन. पट्टे बरोबर बसतात का ते कळावं म्हणून पोत्याला आईचं जुनं लुगडं गुंडाळलं होतं. मला ते बघवत नव्हतं.

काठावर नर्मदाबाई जाळं दुरुस्त करत बसली होती. सगळा जन्म त्या पाण्यावर मासे धरण्यात गेलेला. तिने एकवार होडीकडे पाहिलं. "आप्पा, होडी झ्याक हाय. पर आईला खाली बसवा. पाण्यात नवरदेवबी खालीच बसतो."

दाजींनी ऐकलं नाही. वल्हं घेऊन मागे बसले आणि दोन हात मारले नसतील, तोच होडी डाव्या अंगाला झुकली, लुगड्यातलं पोतं वरून पालथं झालं आणि सगळंच उलटलं.

मला आधी हसू फुटलं. पाणी तिथे छातीएवढंच होतं, भीतीचं काही नव्हतं. मग दिसलं की दाजी होडीकडे बघतही नाहीयेत. ते पाण्यात वाकून त्या पोत्याला मिठी मारून उभे होते, आणि पट्ट्याच्या गाठी सोडवायला बोटं चालत नव्हती. "आई बुडली रे विरेश," असं ते म्हणाले. वाळूच्या पोत्याला. मी पाण्यात उतरलो. नर्मदाबाईही जाळं टाकून धावली. तिघांनी मिळून ते पोतं काठावर आणलं आणि दाजी त्याच्याशेजारी बसून लहान मुलासारखे रडले. मी तापट माणूस, मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. मी घरी जाईपर्यंत त्यांची चप्पल हातात धरून चालत होतो, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दाजींनी खुर्चीचे पाय कापले. बैठक तळाला टेकली, पाठीचा आधार आणि पट्टे तेवढे ठेवले. मांडी घालून बसलेलं माणूस बसलेलंच असतं, मग ते उंचावर असो की खाली, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. नर्मदाबाईने स्वतः त्या बैठकीवर बसून होडी मुद्दाम डोलवून पाहिली. उलटली नाही.

मग श्रावण लागला. पहिल्या सोमवारी सकाळी सिद्धम्मा धुवट लुगडं नेसून, द्रोणात बेल आणि पांढरी फुलं घेऊन अंगणात उभी राहिली.

"चल राजा. पल्याड."

दाजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या मनात काय आलं ते मला दिसत होतं. म्हाताऱ्या माणसांना आधी कळतं म्हणतात. आई निरोप घ्यायला निघाली, आपली जागा डोळ्यांनी बघून घ्यायला. "आज?" त्यांनी विचारलं.

"मंग? होडी झाली की."

नाही म्हणायची सोय नव्हती. वळकटी मोटारसायकलला बांधली, सिद्धम्मा रिक्षात बसली, त्रिवेणी तिच्याबरोबर. काठावर वीस मिनिटांत होडी उभी राहिली. होडीत दोघांचीच जागा, म्हणून त्रिवेणी काठावर थांबली आणि मी सोबतीला नर्मदाबाईच्या चप्पूवर बसलो. बूड ओलं झालं, तरी कड घट्ट धरून राहिलो. दाजींनी आईच्या काखेखालून एक फुगवलेली ट्यूब घातली आणि पट्टे बांधायला घेतले.

"हे पट्टे कशाला रे? मी काय पळून जायले का?"

"तोल जाऊ नये मनून, आई," दाजी तिच्या डोळ्यांत न बघता म्हणाले.

आमचा चप्पू त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलं. होडी मधोमध आली. कोरडी होती, डुलत नव्हती, तरी दाजी एकेक वल्हं मोजून मारत होते. सिद्धम्माने मात्र एक हात पाण्यात सोडला होता आणि ती पोरीसारखी इकडेतिकडे बघत होती.

"चार वर्सं झाली बग," ती म्हणाली. "चार श्रावण गेले, तुझ्या अण्णाला माझ्या हातचा बेल न्हाई. दवाखान्यात तुला मनले न्हवते का, पल्याड नेशील का मनून? वर्स लावलास रे एवढ्याला."

दाजींचं वल्हं थांबलं.

"आई, तू... ते मेल्यावरचं न्हवतीस बोलत?"

"मेल्यावर?" सिद्धम्माने हात पाण्यातून काढला. "मेल्यावर काय मी विचारणार हाय का तुला? मी बेल वाहायला ने मनले होते. जित्तेपनी." मग तिने पट्ट्यांकडे पाहिलं, पाठीच्या फळीकडे पाहिलं, गुडघ्यांच्या बरोबर मापाच्या त्या बैठकीकडे पाहिलं. आणि तिला सगळं कळलं. "अरे माझ्या लेकरा," ती म्हणाली, "मनून तू वर्सभर तसलं तोंड घेऊन फिरायलालास व्हय? आन् मला वाटलं, धंदा बसला का काय याचा!"

ती हसायला लागली. दाजीही हसायला लागले, हसता हसता रडायला लागले, आणि दोघांच्या हसण्याने होडी डुलायला लागली तशी नर्मदाबाई ओरडली, "आप्पा, रडायचं ते पल्याड जाऊन रडा! आधी वल्हं हाना!" मला स्वतःला इतकं हायसं वाटलं की मी चप्पूवर आहे हे विसरून उभाच राहणार होतो. नर्मदाबाईने माझ्या सदऱ्याला धरून खाली ओढलं. वर्षभर आम्ही सगळे एका मरणाची तयारी करत होतो, आणि ज्याचं मरण ते माणूस सहलीची वाट बघत होतं.

पलीकडे सिद्धम्मा समाधीपाशी बराच वेळ बसली. बेल वाहिला, विभूती लावली, नवऱ्याला काय सांगायचं ते पुटपुटत सांगितलं. मग शेजारच्या रिकाम्या जागेवर थाप मारली. "ही माझी. गवत लय माजलंय, काढून टाका." दाजींनी विळा घेऊन सगळं गवत काढलं. काढताना ते शीळ घालत होते. हा माणूस शीळ घालतो, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

परतताना तीच म्हणाली, "आन् खरंच पाण्याच्या दिवसात गेले, तर हीच हाय की. मापाची हाय." अगदी सहज म्हणाली. दाजींनीही सहज मान डोलावली.

त्या श्रावणातले सगळे सोमवार होडी गेली. आता भादवा लागलाय. ओढ्यापलीकडे आणखी दोन घरची शेतं आहेत, त्यांनीही अशीच घडीची होडी मागितली आहे, आणि दाजी त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांची मापं घेऊन आलेत. काल दुपारी आम्ही दुकानात बसलो होतो. दाजींच्या दातात दाभण, समोर कुणाच्या तरी ट्रॉलीचं छत. घरातून सिद्धम्माची हाक आली, सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल अशी.

"राजा, मुगाच्या शेंगा आल्या असतील. मला पल्याड नेशील का?"

दाजींनी तोंडातलं दाभण काढून ठेवलं आणि आधी विचारलं, "कवा?"

"जेवल्यावर!" सिद्धम्मा म्हणाली.